त्या दिवशी ती हजर होती

गेल्या वर्षीची गोष्ट. मुलीच्या शाळेच्या डायरीत लाल शाईत एक ओळ आली. ‘विद्यार्थिनी दि. अमुक रोजी विनापरवानगी गैरहजर. पालकांनी खुलासा करावा.’ खाली पालकांच्या सहीसाठी रेघ. मी सरकारी कारकून. खुलासे मागण्यात आणि खुलासे देण्यात माझी एकोणीस वर्षे गेली, पण लेकीच्या वतीने खुलासा लिहिण्याची ही पहिलीच वेळ.

नववीतली ही मुलगी त्या दिवशी होती कुठे? सिनेमाला नव्हती, मिरामारच्या वाळूतही नव्हती. आमच्या तालुक्यात होऊ घातलेल्या एका प्रकल्पाची जनसुनावणी होती, तिथे ती आणि तिच्या वर्गातल्या आणखी तिघीजणी गेल्या होत्या. घरी सांगून गेल्या होत्या. सोबत माझी आई होती. सकाळी साडेदहाला सुरू झालेली सुनावणी दुपारी तीनपर्यंत चालली. मुलीने हात वर केला, तिला माईक मिळाला आणि तिने विचारले की, आमच्या वाड्यावरच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात कुठवर खाली जाते ते तुम्ही मोजले आहे काय, आणि मोजले असेल तर कुठल्या महिन्यात? प्रकल्पाच्या सल्लागाराने उत्तर दिले. ते बरे होते की वाईट हे मी लिहिणार नाही, त्याचे कारण पुढे येईल. पण तिचा प्रश्न कार्यवृत्तात नोंदला गेला, तिच्या नावानिशी आणि गावानिशी.

म्हणजे एकाच दिवशी ती एका कागदावर हजर आणि दुसऱ्या कागदावर गैरहजर. सुनावणी सरकारच्या कायद्याने घेतलेली आणि शाळा सरकारच्या अनुदानावर चाललेली. डायरी माझ्यापुढे धरून मुलगी एवढेच म्हणाली, "पूण बाबा, हांव थंय हाजीर आशिल्लें."

यावर काय खुलासा लिहायचा?

वाचकहो, गोष्ट इथेच संपली असती तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो. शाळेचा नियम आहे, मुलीने आधी अर्ज द्यायला हवा होता, चुकले, असे लिहून सही केली असती. पण त्याआधी दोनच महिने हीच मुलगी, हाच वर्ग, शाळेच्या वेळेत बसमध्ये घालून एका सभागृहात नेला होता. कार्यक्रम सरकारी होता. पाहुणे यायला सव्वा तास उशीर झाला. मुलांना एक लाडू, एक समोसा आणि एक छोटी पाण्याची बाटली मिळाली. भाषणे झाली, टाळ्या झाल्या, फोटो झाले. गणिताचा तास आणि विज्ञानाचे दोन तास बुडाले. त्या दिवशी हजेरीपटावर सगळा वर्ग हजर. कुणी खुलासा मागितला नाही, की पालकांची संमती मागितली नाही.

आणि आता कबुली देतो. त्या कार्यक्रमाला ‘प्रत्येक शाळेने किमान पन्नास विद्यार्थी पाठवावेत’ असे जे पत्र गेले, त्यावरचा जावक क्रमांक माझ्या हस्ताक्षरात आहे. खाते कुठले ते विचारू नका. पत्राचा मसुदा वरून आला, मी तो टंकला, सही घेतली, पाकिटे भरली. सभागृहाच्या खुर्च्या किती आणि शाळा किती याचा भागाकारही मीच केला होता. त्या भागाकारात माझी मुलगी आहे हे मला तेव्हा सुचले नाही. सुचले असते तरी मी पत्र पाठवलेच असते, हेही खरे.

म्हणून हा लेख शाळेवर नाही. मुख्याध्यापिका बाई भल्या आहेत. हा लेख आपण सगळ्यांनी मिळून चालवलेल्या एका रिवाजावर आहे.

नागरिकशास्त्रासाठी मुलांना वर्गाबाहेर सोडावे की नाही, असा वाद मांडला की आपल्याकडे लगेच कुणीतरी म्हणते, अभ्यास बुडतो. हा वाद खोटा आहे, कारण आपण मुलांना सोडतोच आणि भरपूर सोडतो. मतदार जागृतीची फेरी निघते तेव्हा घोषणा द्यायला शाळेचीच मुले असतात. स्वच्छतेची मोहीम आली की झाडू घेऊन मुले. २१ जूनला योगासाठी मुले. मानवी साखळी करायची झाली की रस्त्याच्या कडेला उन्हात मुले. कुणी मोठा माणूस यायचा असला की झेंडे घेऊन मुले. निवडणुकीत तर शाळाच मतदान केंद्र होते आणि सगळ्या शाळेलाच सुटी मिळते. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना बाहेरचे काही शिकायला सांगितले आहे. यातले काही उपक्रम चांगले आहेत. मी त्यांच्या विरोधात नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, शाळेचे कुंपण मुलांसाठी रोज उघडते. प्रश्न किल्ली कुणाच्या हाती हा आहे.

मोठ्यांनी नेले तर ते नागरिकत्वाचे शिक्षण. मूल स्वतः गेले तर ती विनापरवानगी गैरहजेरी. मोठ्यांनी नेलेल्या ठिकाणी मुलाने बसायचे आणि टाळ्या वाजवायच्या. स्वतः गेलेल्या ठिकाणी मूल प्रश्न विचारते. पहिल्याला हजेरी आणि दुसऱ्याला लाल शाई देऊन आपण मुलांना काय शिकवतो याचा विचार करा. नववीच्या पुस्तकात लोकशाही कशी छापली आहे ते मुले परीक्षेपुरते पाठ करतील. हजेरीपट जो धडा देतो तो मात्र त्यांच्या अंगात मुरेल.

हे नवीन नाही. १९०५ साली बंगालच्या फाळणीविरुद्ध विद्यार्थी स्वदेशीच्या चळवळीत उतरले तेव्हा इंग्रज सरकारने एक परिपत्रक काढले. सही करणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावावरून ते कार्लाइल परिपत्रक म्हणून ओळखले जाते. विद्यार्थ्यांना सभा-मोर्च्यांपासून दूर ठेवा, नाहीतर शाळेचे अनुदान आणि शिष्यवृत्त्या जातील, असा त्याचा मतलब. बंगाली विद्यार्थ्यांनी त्या परिपत्रकाच्या विरोधात संस्थाच काढली आणि राष्ट्रीय शिक्षणाच्या विचाराला तिथून बळ मिळाले. कारकून या नात्याने मला त्या परिपत्रकाची भाषा परकी वाटत नाही, एवढे नमूद करतो.

आमच्या गोव्यापुरते बोलायचे तर दरवर्षी १८ जूनला शाळांतून भाषणे होतात. १९४६ साली डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली, ही गोष्ट मुले तोंडपाठ सांगतात. त्या दिवशी मडगावच्या सभेला गेलेल्यांनी कुणाची परवानगी काढली होती? सावईवेरेंला मराठी शाळेत शिकवायला आलेले मोहन रानडे हे मुक्तिलढ्यात उतरलेले मास्तर. १९५५ मध्ये त्यांना अटक झाली आणि गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटल्यावर, १९६९ मध्ये, पोर्तुगालच्या तुरुंगातून ते सुटले. आपण मराठी माणसे त्यांचे नाव अभिमानाने घेतो. मग त्यांच्या जयजयकाराला मुलांना ओळीने उभे करायचे आणि त्याच मुलांनी गावच्या विहिरीबद्दल तोंड उघडले तर खुलासा मागायचा, हे कसे जुळते?

कुणी म्हणेल, तो स्वातंत्र्याचा काळ होता, आता आपलेच राज्य. बरे तर, आपल्याच राज्यातले उदाहरण घेऊ. १९७८-७९ मध्ये गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी बसभाड्यात पन्नास टक्के सवलतीसाठी आंदोलन केले. तेव्हा सरकार मगो पक्षाचे होते, मुख्यमंत्री शशिकलाताई काकोडकर होत्या. म्हणजे आपल्या घरोघरी ज्या पक्षाला मान होता त्याच पक्षाच्या सरकारपुढे मुले उभी राहिली. आमच्या वडिलांच्या पिढीतल्या अनेकांना तो उद्धटपणा वाटला होता. पण सवलत मिळाली. मी नव्वदच्या दशकात फोंड्याला कॉलेजात जायचो तेव्हा अर्ध्या तिकिटावर जायचो. शेतकऱ्याच्या घरात दोन मुलांचे कॉलेज एकाच वेळी चालू राहिले ते त्या अर्ध्या तिकिटामुळे. ज्या मुलांनी ते मिळवले त्यांचे तेव्हा किती तास बुडाले असतील कुणास ठाऊक. त्या बुडलेल्या तासांवर मी बी. ए. झालो.

आता विरोधी बाजूचे सगळ्यात वजनदार म्हणणे घेतो. मुलांना अशी रजा दिली की राजकीय पक्ष त्यांना पळवतील. आज सुनावणी, उद्या मोर्चा, परवा दगड. ही भीती मी उडवून लावणार नाही, कारण मी गोव्यातच वाढलो आहे. भाषेच्या वादात दोन्ही बाजूंनी मुलांना पुढे केलेले आपण पाहिले आहे. २०११ मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्याच्या निर्णयावरून रण पेटले, तेव्हा मराठीवाले आणि कोकणीवाले बऱ्याच वर्षांनी एकत्र रस्त्यावर आले. मी तेव्हा नोकरीत होतो, फुटपाथवरूनच पाहत होतो. इकडच्या गर्दीतही आणि तिकडच्या गर्दीतही लहान लहान मुलांच्या हातात फलक होते. त्या फलकांवर काय लिहिले आहे हे त्यांतल्या काहींना वाचताही येत नसावे. आपल्या बाजूची म्हणून मी ती गोष्ट झाकणार नाही. ते चूकच होते. प्रचारात मुलांना वापरू नका, असे निवडणूक आयोगाला फेब्रुवारी २०२४ मध्ये पुन्हा बजावून सांगावे लागले, ते उगाच नाही.

पण नीट पाहिले तर ही सगळी उदाहरणे माझ्याच बाजूची आहेत. ती मुले स्वतः गेली नव्हती, त्यांना नेले होते. मुलांना वापरण्याची सवय रजेने लागत नाही. ती लागते पन्नास मुले पाठवा असे पत्र निघते तेव्हा. सरकार मुलांना गर्दी म्हणून वापरते, हे पाहूनच पक्ष तेच करतात. ज्या मुलाला वर्षातून एकदा स्वतः ठरवून कुठे जायचे आणि परत येऊन काय पाहिले ते सांगायचे माहीत आहे, त्याला कुणाच्या टेम्पोत भरणे जास्त कठीण जाईल. ज्याला फक्त नेले तिथे बसायची सवय आहे, त्याला कुणीही नेऊ शकतो.

दुसरे म्हणणे असे की, हे सगळे रविवारी करता येत नाही काय? काही गोष्टी येतात. ग्रामसभा बहुधा रविवारीच असतात, आणि माझी मुलगी ग्रामसभेलाही गेली होती. मतदारयादीत नाव नाही म्हणून तिला मागच्या बाकावर बसवले, बोलू दिले नाही. कायद्याने ग्रामसभा मतदारांची, तेव्हा त्याबद्दल तक्रार नाही. पण पर्वरीला विधानसभा भरते ती कामाच्या दिवशी. जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी, न्यायालय, नगरनियोजन खात्याची खिडकी, हे सगळे शाळेच्याच वेळेत उघडते आणि शाळेबरोबरच मिटते. जनसुनावण्याही बऱ्याचदा कामाच्या दिवशीच लागतात. म्हणजे राज्य कसे चालते हे पाहायचे तर राज्य ज्या वेळी चालते त्याच वेळी जावे लागेल. मासळी बाजार पाहायला रात्री दहाला गेलात तर रिकाम्या टोपल्याच दिसणार.

आणखी एक गोष्ट मला हा प्रकार घडल्यावर वाचायला मिळाली. २००६ च्या ज्या केंद्रीय अधिसूचनेखाली अशा सुनावण्या होतात, तिच्यात लिहिले आहे की, सुनावणीच्या जागी उपस्थित असलेल्या प्रत्येक व्यक्तीला प्रकल्पाबद्दल माहिती आणि स्पष्टीकरण मागण्याची संधी दिली जाईल. प्रत्येक व्यक्तीला. वयाची अट मला त्यात सापडली नाही. सुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी द्यावी लागते, म्हणजे शाळेला अर्ज करायलाही मुलांना भरपूर वेळ मिळतो. १९९२ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार मान्य केला. मुलाशी संबंधित गोष्टींत मुलाचे मत ऐकले जावे, हे त्याच्या बाराव्या कलमात आहे. विहीर मुलांशी संबंधित नाही असे म्हणणाऱ्याने मे महिन्यात आमच्या वाड्यावर येऊन कळशी कोण भरते ते पाहावे.

तिसरे म्हणणे, मुलांना काय कळते? १९८९ पर्यंत हेच अठरा ते एकवीस वर्षांच्या मुलांबद्दल म्हटले जात होते. मग घटनेची एकसष्टावी दुरुस्ती लागू झाली, मतदानाचे वय अठरा झाले, आणि आकाश कोसळले नाही. अठरावा वाढदिवस साजरा झाल्यावर रात्रीतून शहाणपण येते असे मानणारे आपण, पोहायला मात्र मुलांना तळीच्या काठावरून आधी सवय करून मगच खोल पाण्यात सोडतो.

चौथे म्हणणे माझ्या एका शिक्षक मित्राचे, आणि ते मला खरे वाटते. तो म्हणाला, "तुझी मुलगी गेली कारण घरात वर्तमानपत्र येते, आजी धीट आहे. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना सुनावणी म्हणजे काय हेच माहीत नाही. रजा दिलीस तर ती सुशिक्षितांच्याच मुलांना मिळेल. बाकीचे घरी झोपतील नाहीतर समुद्रावर जातील." काही जातील, हे कबूल. आजारपणाच्या चिठ्ठीवरही काही समुद्रावर जातातच, म्हणून आपण आजारपणाची रजा बंद केलेली नाही. निम्म्यांना माहीत नाही यावर उपाय त्यांना माहीत करून देणे हाच आहे. शाळेच्या फलकावर सुविचार लिहिण्याची पद्धत आहे. त्याच्याच शेजारी येत्या महिन्यातली ग्रामसभा, विधानसभेचे अधिवेशन आणि तालुक्यातल्या सुनावण्या यांच्या तारखा खडूने लिहाव्यात. त्याला खर्च येत नाही.

हे कुठे होते काय, असे विचाराल तर होते. न्यूयॉर्क शहराने २० सप्टेंबर २०१९ च्या हवामान संपाच्या दिवशी पालकांची संमती असलेल्या मुलांची गैरहजेरी माफ केली. व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरफॅक्स परगण्याने जानेवारी २०२० पासून सातवी ते बारावीच्या मुलांना नागरी कामासाठी वर्षातून एकदा रजा द्यायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी त्या राज्याने तसा कायदा केला. इलिनॉय राज्यात २०२३ पासून वर्षाला एक दिवस अशी सोय आहे. तिथेही हेच आक्षेप आले होते, की ही सगळी एकाच पक्षाच्या सोयीची मखलाशी आहे. त्यावर उत्तर एकच आणि सोपे आहे. मूल कुठल्या बाजूने गेले हे शाळेने विचारायचे नाही. प्रकल्पाच्या विरोधात बोलायला गेलेल्या मुलाला जी रजा, तीच प्रकल्प हवा म्हणून सांगायला गेलेल्या मुलालाही. मराठी राजभाषा व्हावी म्हणून धरण्याला बसलेल्या आजोबांना भेटायला गेलेल्याला जी रजा, तीच कोकणीच्या सभेला गेलेल्याला. हे वाक्य लिहिताना मला थोडे जड गेले, हे लपवत नाही. पण ते मान्य नसेल तर रजाही मागू नये.

माझी मागणी मोठी नाही. आठवीपासून पुढच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षातून एक दिवस मिळावा. चार दिवस आधी अर्ज असावा, त्यावर पालकांची सही असावी. गणवेश नको, शाळेची बस नको, पक्षाचा झेंडा नको. परीक्षेच्या दिवशी ही रजा नको. परत आल्यावर मुलाने वर्गात पाच मिनिटे उभे राहून सांगावे की तिथे कोण कोण होते, कोण काय बोलले, आणि आपल्याला न पटलेली बाजू काय म्हणत होती. शिक्षकाने त्याला गुण देऊ नयेत. हजेरीपटावर त्या दिवशी ‘ग’ नसावा. आणि याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. कुठल्याही कार्यक्रमाच्या खुर्च्या भरायला पालकांच्या लेखी संमतीशिवाय एकही मूल शाळेच्या वेळेत जाऊ नये, मग कार्यक्रम कुणाचाही असो. ही दुसरी बाजू जमणार नसेल तर पहिलीला अर्थ नाही.

आता ते कारण सांगतो, ज्यामुळे मी सल्लागाराच्या उत्तराबद्दल काही लिहिले नाही. आम्हा सरकारी नोकरांना १९६४ चे वर्तणूक नियम लागू आहेत. नियम ५ प्रमाणे मला राजकारणात भाग घेता येत नाही. नियम ९ प्रमाणे सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करता येत नाही. मी हे नियम वाचून नोकरी स्वीकारली, तेव्हा कुरकुर करण्याचा मला अधिकार नाही. पण मुलीचा प्रश्न कार्यवृत्तात आल्याचे कचेरीत कळले तेव्हा एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला बाजूला घेतले. "सांभाळून रे. नियम पाचचा दुसरा भाग वाचलायस ना?" मी वाचला होता. कायद्याने स्थापन झालेल्या सरकारला उलथवू पाहणाऱ्या चळवळीत घरच्या माणसांनी भाग घेऊ नये म्हणून सरकारी नोकराने प्रयत्न करावा, असे तो सांगतो. सहकारी वाईट माणूस नाही, माझ्या काळजीनेच बोलला. पण सरकारनेच बोलावलेल्या सुनावणीत, सरकारच्या अधिकाऱ्यासमोर, विहिरीची पातळी विचारणे म्हणजे सरकार उलथवणे, असे जर शहाण्यासुरत्या माणसाला वाटू लागले असेल, तर हे वाटणे कुठून आले? मला वाटते ते शाळेतून आले. आम्ही दोघेही झेंडे घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिलेलो मुलगेच आहोत. आम्हाला कुणी कधी विचारायला पाठवले नव्हते.

माझ्यासारख्या माणसाच्या आयुष्यात मोकळेपणाने उभे राहून विचारण्याची वर्षे फार थोडी असतात. शाळा सुरू असते तोवर गैरहजेरीची भीती. कॉलेजात पंचाहत्तर टक्के हजेरीची. मग नोकरीच्या अर्जावर चारित्र्याच्या दाखल्याची. नोकरी लागली की नियम ५. निवृत्त होतो तेव्हा गुडघे दुखतात. गोव्यात सरकारी नोकरी हेच जिथे घरोघरचे स्वप्न आहे, तिथे हा हिशेब हजारो घरांचा आहे. म्हणून माझ्या मुलीला वर्षातला एक दिवस मिळावा, असे मला वाटते. तो दिवस मला मिळाला नव्हता आणि यापुढे मिळणारही नाही.

डायरीत शेवटी मी काय लिहिले? ‘माझी मुलगी दि. अमुक रोजी शासनाने आयोजित केलेल्या जनसुनावणीस पालकांच्या संमतीने उपस्थित होती. सदर दिवस हजर म्हणून नोंदवावा ही विनंती.’ सोबत अर्ज जोडला. मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावले, चहा दिला आणि म्हणाल्या, "तुमचे म्हणणे मला पटते हो. पण हजेरीपटात तसा रकाना नाही." मी निरुत्तर झालो. रकाना नसला की काय होते हे माझ्याइतके कुणाला कळणार?

गेल्या महिन्यात पुन्हा एका कार्यक्रमाचे पत्र माझ्या टेबलावर आले. पुन्हा पन्नास विद्यार्थी. यावेळी मी मसुद्यात ‘पालकांच्या लेखी संमतीने’ एवढे तीन शब्द घालून फाइल वर पाठवली. नियमात बसून मला करता येण्यासारखे तेवढेच होते. फाइल तीन दिवसांनी परत आली. माझ्या तीन शब्दांखाली पेन्सिलची रेघ होती आणि समासात वरिष्ठांचे दोन शब्द होते, ‘चर्चा करावी.’

चर्चा अजून झालेली नाही. कार्यक्रम होऊन गेला. मुलगी आता दहावीत आहे, तिची एका दिवसाची गैरहजेरी नववीच्या हजेरीपटावर तशीच आहे. तुमच्या घरी आठवी-नववीतले मूल असेल तर या वर्षी तुम्हीही एक अर्ज द्या. एका अर्जासाठी रकाना होत नाही, पण प्रत्येक शाळेत दहा-वीस अर्ज साठले तर कुणीतरी पट्टी घेऊन तो आखेल. ते काम बहुधा कारकुनाकडेच येईल, आणि मी ते आनंदाने करीन.